देणाऱ्याचं नाव

नाशिकच्या भांडी बाजारात किशोरशेठच्या दुकानाच्या पायरीवर ललिता वाघचौरे बसते. पुढ्यात एक पाट, पाटावर गोणपाटाची घडी आणि हातात विजेवर चालणारं कोरायचं मशीन. दिवसभर ती दुसऱ्यांची नावं भांड्यांवर घालते. लग्नसराईत तर मान वर करायला फुरसत नसते. डबे, पराती, पिंपं, समया. कोणी आत्याकडून, कोणी मामाकडून, कोणी 'समस्त मित्रमंडळाकडून', आणि त्या मंडळातली सगळी नावं घाला म्हणणारे महाभागही असतातच. वाटी एवढीशी आणि मित्र अकरा. ललिता तोंडाने काही बोलत नाही, पण भुवई अशी उचलते की गिऱ्हाईक आपणहून चार मित्र कमी करतं.

ती चोपन्न वर्षांची आहे आणि तिने लग्न केलेलं नाही. पाट तिच्या वडिलांचा, निवृत्ती वाघचौऱ्यांचा. घरात ललिता त्यांना अण्णा म्हणायची. त्यांच्या काळी मशीन नव्हतं. पोलादी खिळा आणि बोटभर हातोडी घेऊन ते ठिपक्याला ठिपका जोडत, आणि बघता बघता पितळेवर नाव उमटायचं. ललिता आठवीत शाळा सोडून त्यांच्या शेजारी येऊन बसली ती तिथेच राहिली.

अण्णांना बाजारात मान होता तो अक्षरासाठी, पण त्याहून जास्त दुसऱ्याच एका गोष्टीसाठी. त्यांची बायको वत्सलाबाई तापाने गेली तेव्हा ललिता सहा वर्षांची होती आणि अण्णा जेमतेम एकतिशीचे. स्थळं आली. अण्णांनी सगळी परत धाडली. "पोरीवर सावत्र आई आणायची नाही," एवढंच म्हणाले. हे वाक्य ललिताने जन्मभर ऐकलं. हळदीकुंकवाला गेली की बायका तिच्या डोक्यावरून हात फिरवत आणि म्हणत, असा बाप मिळायला भाग्य लागतं. तिला ते खरंच वाटायचं. पुढे तिच्या लग्नाची वेळ आली तेव्हा एकट्या बापाला सोडून जायचं कसं म्हणून तिने दोन स्थळांना नाही म्हटलं. तिसरं आलं नाही. त्यांनी माझ्यासाठी जन्म काढला, मी त्यांच्यासाठी काढला, असं ती स्वतःला सांगायची आणि त्यातच तिचा सगळा अभिमान होता.

शेवटची सहा वर्षं अण्णा अंथरुणाला खिळून होते. बोलणं तुटक झालं होतं. पण मधूनच विचारायचे, "आज रविवार का गं?" हो म्हटलं की म्हणायचे, "मला सिन्नरला सोड." चाळीस वर्षं दर रविवारी ते सिन्नरच्या आठवडे बाजाराला पाट घेऊन जायचे, नावं घालायला. ललिता त्यांची उशी सारखी करायची आणि म्हणायची, "अण्णा, आता कोण बसलंय तिथं तुमची वाट बघत?" अण्णा भिंतीकडे तोंड करून पडायचे.

गेल्या वर्षी तेही गेले. पंचवटीतल्या दोन खोल्यांत ललिता एकटी उरली. घरात शिरल्या शिरल्या ती टीव्ही लावते. बघत नाही, नुसता आवाज असू देते. सवयीने भात दोघांचा होतो आणि सकाळी तोच फोडणीला टाकावा लागतो. फोन वाजतो तो कर्ज हवंय का विचारायला. सणावाराला नवी साडी नेसावी तर बरी दिसते का हे विचारायलासुद्धा घरात माणूस नाही. ज्याच्यावर रागवावं, ज्याच्याशी चार दिवस बोलू नये, असंही कोणी तिच्या आयुष्यात उरलं नव्हतं.

तिला एक खोड होती. लोक जुनी तांब्यापितळेची भांडी मोडीत देतात आणि नवी घेऊन जातात. गावोगावच्या छोट्या दुकानांतली मोडही पोत्यांतून किशोरशेठकडे येते आणि इथून आटणीला जाते. ती पोती जाण्याआधी ललिता त्यातली भांडी काढून त्यांवरची नावं वाचायची. सासू, नणंद, कोणाची मुंज, कोणाचं बारसं. आटण्याआधी एकदा तरी कोणी वाचावं, असं तिचं म्हणणं. किशोरशेठ हसायचे. "ललिताताई, तुम्ही म्हणजे भांड्यांच्या नातेवाईक."

फाल्गुनात एका दुपारी सिन्नरहून आलेल्या पोत्यातून तिने एक कळशी काढली. गळ्याखाली ठिपक्यांची ओळ होती: 'चि. सौ. कां. मीना हिस वडिलांकडून. सिन्नर, १२-५-१९९९.'

अक्षर अण्णांचं. त्यात नवल काहीच नव्हतं, सिन्नर तालुक्यातली निम्मी भांडी त्यांच्याच हाताखालून गेलेली. पण अण्णा देणाऱ्याचं नाव घातल्याशिवाय भांडं खाली ठेवत नसत. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी ऐकायचे नाहीत. "देता ना? मग नावानिशी द्या," म्हणायचे. इथे नुसतं 'वडिलांकडून'. कोण वडील, पत्ता नाही. ललिताने कळशी उजेडात फिरवली. तारखेच्या पुढे नखाएवढं पिंपळपान काढलेलं होतं.

तिने अंगठ्याने ते पुसून पुन्हा बघितलं. ते पान अण्णा गिऱ्हाइकाच्या भांड्यावर कधीच काढत नसत. आयुष्यात ते दोनच भांड्यांवर होतं, आईच्या ताटावर आणि ललिताच्या बारशाच्या पेल्यावर. कोणी हौशीने मागितलं तर अण्णा सांगायचे, "ते नाही मिळणार. ते घरचं आहे."

"ही कळशी मला हवी," ती किशोरशेठना म्हणाली.

"अहो, तळ गेलाय तिचा. पाणी राहायचं नाही."

"मला पाणी नाही भरायचं."

घरी येऊन तिने कळशी आणि पेला शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही पानं एकाच हातची, देठाकडचं वळणसुद्धा तेच. तीन दिवस ती नुसती जळत राहिली. पोरीवर सावत्र आई आणायची नाही म्हणे! मग ही मीना कुठून आली? अण्णांच्या फोटोला तिने त्या तीन दिवसांत हार घातला नाही, आणि एकदा तर फोटोला मोठ्याने विचारलंसुद्धा. फोटो नेहमीसारखाच बघत होता.

चौथ्या दिवशी भात उपसताना तिच्या मनात आलं की आपल्याला बहीण आहे. सावत्र तर सावत्र. या जगात अण्णांचं रक्त असलेलं आणखी एक माणूस आहे, जिवंत असलं तर. तिच्याकडून काहीच नको. एकदा समोर बसायचं, तोंड बघायचं, आणि जमलंच तर तिने आपल्याला काहीतरी म्हणून हाक मारायची. एवढ्यासाठी ललिताने आयुष्यात पहिल्यांदा लग्नसराईच्या तोंडावर सुट्टी घेतली.

सिन्नरच्या दुकानदाराला कळशी आठवत होती. ठाणगावच्या वाटेवरच्या एका गावातून बाई आली होती, एवढं त्याने सांगितलं. ललिता काळ्या-पिवळ्या जीपमध्ये स्वतःला कोंबून घेत त्या गावी गेली आणि मीना कुठे राहते म्हणून दारोदार विचारत सुटली. गावात मीना दोनच. एक तिसरीत शिकत होती. दुसरी दिंडोरीकडची, आणि तिचे वडील तिच्याच अंगणात बाजेवर बसून तंबाखू मळत होते. ललिता कळशी पिशवीत घालून परत आली. बसमध्ये तिला एकदम फार थकवा आला आणि आपण या वयात काय वेडेपणा करतोय असं वाटून ती खिडकीकडे तोंड करून रडली.

दोन दिवसांनी कामावर असताना तिने एका गिऱ्हाइकाला रोजचाच प्रश्न विचारला, "माहेरचं नाव घालू का सासरचं?" आणि मशीन तिच्या हातात तसंच घरघरत राहिलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवीन नाव लिहायचं आणि त्या दिवसापासून पोरीचं जुनं नाव बंद. पस्तीस-चाळीस वर्षं रोज दहादा हा प्रश्न विचारणारी बाई गावभर माहेरचं नाव विचारत फिरली होती. तिला स्वतःचाच राग आला. गिऱ्हाइकाला वाटलं, आपलंच काही चुकलं.

दुसऱ्या खेपेला ती थेट गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडे गेली. कुसाबाई नावाची आजी ओट्यावर लसूण सोलत होती.

"आजी, गावात सिन्नरची सून कोण आहे? नव्व्याण्णव सालची. माहेरी मीना नाव होतं."

"मीना व्हय?" कुसाबाईने लसूण खाली ठेवला. "आमची रंजना गं ती. तांदळावर रंजना लिव्हलं तिच्या दाल्ल्यानं. मामानं लगीन लावून दिलं तिचं. बाप काय कोणाला दिसला नाय." आणि मग ललिताला नीट न्याहाळून म्हणाली, "तू कोण तिची?"

ललिताने घर कुठलं तेवढं विचारून घेतलं.

मीना अंगणात कांदे निवडत बसली होती. शेहेचाळीस-सत्तेचाळिशीची, उन्हाने रापलेली, केसांवर कांद्याची टरफलं. ललिता तिच्या तोंडावळ्यात अण्णा शोधत होती, पण मीनाचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. पिशवीतून निघणाऱ्या कळशीकडे होतं.

"ही मी मोडीत दिली व्हती."

"हो. मी भांडी बाजारात... मी निवृत्ती वाघचौऱ्यांची..."

"ललिता," मीना म्हणाली. हातातला कांदा तिने ढिगात टाकला. "वळखलं. तुला गोवर कवा आला, तुला वांगं आवडत नाय, तू झोपेत बोलती, समदं ठाव हाय मला. दर रविवारी तेच ऐकत मोठी झाले मी."

ललिता उभीच होती. बस असं कोणी म्हटलं नव्हतं. मीनाने मात्र एकदा तोंड उघडलं ते मग थांबली नाही. तिची आई मालनबाई बाजारात फुटाणे-रेवड्यांचं दुकान लावायची, अण्णांच्या पाटाशेजारी. नवऱ्याने सोडून दिलेली बाई. अण्णांनी देवळात तिच्या गळ्यात माळ घातली आणि नाशिकला घरी न्यायचं ठरवलं.

"आन् नेलं बी," मीना म्हणाली. "आई नवं हिरवं लुगडं नेसून आली तुमच्या घरी. तुझ्यासाठी ताटलीभर रेवड्या आणल्या. तू ताटली भिरकावली. आमच्या घरात ही बाई नको म्हणून दोन दिवस जेवली नाय. अण्णा आईला परत सोडून गेले आन् म्हणले, पोरगी जरा मोठी होऊ दे. मग मी झाले, तरी तेच. पोरगी जरा मोठी होऊ दे. तू काय मोठी झालीच नाय."

ललिताला ताटली आठवत नव्हती. बाईचं तोंड आठवत नव्हतं. पण मोरीच्या उंबऱ्यापाशी पडलेल्या रेवड्या आणि त्यांना लागलेल्या मुंग्या तिला लख्ख आठवल्या. आजवर तिला वाटायचं की ती मुंग्यांचीच आठवण आहे. ती न विचारताच कांद्यांच्या ढिगाशेजारी बसली.

"मी सहा-सात वर्षांची होते गं," ती म्हणाली.

"तुझा दोष हाय असं कुठं म्हणले मी? दोष अण्णांचा. पण भोगलं आम्ही." मीनाने पदराने नाक पुसलं. "बाजारात मी त्यांना नाववाले काका म्हणायची. आमच्या पत्र्याच्या खोलीत आलं की अण्णा. चुकून बाजारात अण्णा म्हणलं तर आई चिमटा काढायची. माझ्या लग्नात मामानं कन्यादान केलं आन् ते मांडवाच्या कडंला पाट टाकून बसले, भांड्यावर नावं घालायला. माझा बाप माझ्या लग्नात पावण्यांची नावं घालत बसला व्हता. त्यात ही कळशी. समद्या गावाची नावं घातली त्यांनी, सोताचं घालायची हिंमत झाली नाय."

"मग इतकी वर्षं ठेवलीस?"

"ठेवली. आई जाईस्तोवर ठेवली. चार वर्षं झाली तिला. बाजारातल्या माणसाकडं निरोप धाडला व्हता. आले नाय. त्या दिवसापासून ही डोळ्यापुढं नको झाली मला."

निरोप ललितापर्यंत आला नव्हता. अण्णांपर्यंत आला होता की नाही, हे आता कोण सांगणार? ती म्हणाली, "ते उठू शकत नव्हते, मीना. सहा वर्षं अंथरुणात होते, गेल्या वर्षी गेले. पाणीसुद्धा मी पाजायचे." आणि मग जे कोणालाच सांगायचं नव्हतं ते तिने सांगितलं. "रविवार आला की विचारायचे, आज रविवार का. सिन्नरला सोड म्हणायचे. मी म्हणायचे, तिथं कोण बसलंय तुमची वाट बघत?"

मीनाचे कांद्यातले हात थांबले.

"दर रविवारी?"

"दर रविवारी. बोलणं बंद होईपर्यंत."

मग मीना उठली, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि ललितापुढे ठेवला. चहाचं मात्र विचारलं नाही. "कळशी घेऊन जा," ती म्हणाली. "आन् निघ आता, नंतर जीप मिळायची नाय."

ललिता आली तशी परत गेली. त्यानंतर ती पुन्हा त्या वाटेला गेली नाही. कुठल्या तोंडाने जाणार? जिच्या जोरावर ती आयुष्यभर ताठ मानेने वावरली होती ती गोष्टच खोटी निघाली, आणि त्या खोट्याची किंमत तिसऱ्याच पोरीने मोजली होती. बाजारातल्या कोणा म्हाताऱ्याने कौतुकाने अण्णांचा विषय काढला की ती मशीन मुद्दाम चालू करायची, म्हणजे ऐकू येत नाही असं दाखवता येतं. घरी टीव्ही चालू असायचा. फोटोला तिने पुन्हा हार घातला, पण आधीसारखं त्याच्याशी बोलणं काही झालं नाही. आधी ती एकटी होती, आता एकटी असण्याला कारणही उरलं नव्हतं.

चैत्र गेला, वैशाखाच्या तिथी सुरू झाल्या. एका सकाळी पायरीवर भांड्यांचा ढीग पडला होता आणि ललिता खाली मान घालून कोरत होती. पुढ्यात कोणीतरी डबा सरकवला. "ह्याच्यावर घाला. चि. सौ. कां. निकिता हिस, आई-वडिलांकडून."

"माहेरचं नाव घालू का सासरचं?"

"म्हायेरचंच. ती नाव बदलायची नाय म्हणती."

ललिताने मान वर केली. समोर मीना उभी होती, इस्त्रीची साडी, हातात मोठी पिशवी. शेजारी चोवीसेक वर्षांची मुलगी मोबाइलमध्ये बघत होती. नाशकात भांड्यांची दुकानं काय कमी आहेत? पण मीनाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. गिऱ्हाइकासारखी ती एकेक भांडं पुढे करत होती आणि ललिता घालत होती. आई-वडिलांकडून. चुलत्यांकडून. मामांकडून. शेवटी मीनाने किशोरशेठकडून एक नवी पितळी कळशी मागून घेतली आणि पाटावर ठेवली.

"हिच्यावर?" ललिताने विचारलं.

"मावशीकडून."

ललिताने 'चि. सौ. कां. निकिता हिस मावशीकडून' घातलं. कळशी पुसून बाजूला ठेवायला गेली, तर मीनाने ती परत पाटावर सरकवली.

"मावशीचं नाव राहिलं. पुरं नाव घाल. बिननावाची एक कळशी घेतली तेवढी बास झाली आमच्या घराला."

ललिताने आजवर लाखभर नावं घातली असतील. देणारी म्हणून स्वतःचं नाव घालायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, कारण देणार कोणाला? तिने मशीन बंद केलं. पाटाखालच्या डबीतून अण्णांचा खिळा आणि हातोडी काढली. ठिपक्याला ठिपका लावत 'ललिता' झालं. पुढे मधलं नाव यायचं होतं. तिथे तिची हातोडी अडली. तिने मीनाकडे बघितलं.

मीना रस्त्याकडे बघत होती. "घाल की ताई," ती म्हणाली. "तुझ्या नावात येतंच ते."

'निवृत्ती' घालायला तिला बाकी सगळ्या नावांपेक्षा जास्त वेळ लागला. मग 'वाघचौरे', आणि पुढे, न विचारता, नखाएवढं पिंपळपान. निकिताने वाकून त्यावरून बोट फिरवलं. मीनाने एकदा पानाकडे बघितलं आणि बाकीची भांडी पिशवीत भरायला घेतली. कळशीला तिने हात लावला नाही.

"ही राहिली," ललिता म्हणाली.

"मावशीची कळशी मी कशाला नेऊ? मावशीनं आणायची असती ती. एकवीस तारखेला. साडेअकराचं लगीन हाय, सकाळच्या बशीनं निघ." एवढं बोलून ती पोरीला घेऊन पायऱ्या उतरली आणि रविवार कारंजाकडे चालू लागली.

ललिताने कळशी मांडीशी घेतली. पुढचं गिऱ्हाईक केव्हाचं खोळंबलं होतं. हातात परात, त्याला घाई होती, कोणाकडून ते तो भराभर सांगत सुटला. तिला काहीच दिसत नव्हतं. पदराने डोळे पुसून ती त्याला म्हणाली, "जरा थांबा हो दादा, घरचं काम चाललंय."